लांगर इतकी वर्षं टिकला कसा? (आणि माझा हात का उडतो?)

धडपड्या_आउक्सबुर्ग

नमस्कार मंडळी,

आउक्सबुर्गला येऊन नऊ वर्षं झाली. गेल्या वर्षी ऑफिसातल्या मित्रांच्या नादाने, म्हणजे एकावन्नाव्या वर्षी, गोल्फ सुरू केला. इथे पैसे भरले आणि मैदानावर गेलो असं चालत नाही, आधी 'प्लात्सराइफ', म्हणजे मैदानावर खेळायची परीक्षा. नियमांचा लेखी पेपर, मैदानावर कसं वागायचं ते, आणि शेवटी कोच शेजारी उभा असताना खेळून दाखवायचं. इथल्या ड्रायव्हिंग टेस्टला आला नव्हता एवढा घाम आला, पण सुटलो एकदाचा.

आता खरी अडचण. लांबचे फटके बरे जातात. चेंडू ग्रीनवरही (कपाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) पोचतो. पण तो कपापासून, म्हणजे भोकापासून, दोन-तीन फुटांवर येऊन बसला की माझा उजवा हात उडतो. म्हणजे अक्षरशः उडतो, कोणी कोपराला चिमटा काढल्यासारखा. चेंडू कपाला वळसा घालून पलीकडे जातो आणि परत तेवढ्याच अंतरावर थांबतो. परतीचा पट (ग्रीनवरचा हलका फटका) मारताना पुन्हा तेच. सरावाच्या ग्रीनवर एकटा असलो की काही होत नाही, चौघं बघायला उभे राहिले की सुरू.

परवा क्लबातले एक आजोबा हे बघून म्हणाले, "हं, लांगरचा आजार!" आणि हसत निघून गेले. गोल्फपटू बर्नहार्ड लांगर हे नाव या भागात देवासारखं घेतात एवढं मला ठाऊक होतं. मग व्हिडिओ बघितले, तर सदुसष्टाव्या वर्षी माणूस छातीएवढ्या उंच काठीने पट मारून स्पर्धा जिंकतोय! दोन प्रश्न: याला खरंच हा आजार होता? आणि असेल तर तो पन्नास वर्षं खेळला कसा?

झटपट_सल्लागार

पटर (पट मारायची काठी) बदला. माझंही असंच व्हायचं, मोठ्या डोक्याचा नवीन मॅलेट पटर घेतला आणि गेलं.

बॅगवाला_आजोबा

धडपड्या, वयाने मोठा आहे म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. मी १९८२ पासून बव्हेरियात. स्वतः कधी धड खेळलो नाही, पण लेकाची बॅग सोळा वर्षं ओढली आहे, म्हणजे गोल्फमधला हमालच म्हण. नवा पटर घेऊ नकोस. हात तोच राहणार, खिसा तेवढा हलका होईल.

तुझ्या क्लबातल्या आजोबांनी थट्टा केली असेल, पण निदान बरोबर आहे. याला यिप्स म्हणतात. आणि लांगरला तो एकदा नाही, चार वेळा झाला. त्याची सगळी कारकीर्द या चार दुखण्यांच्या मधल्या जागेत बसवलेली आहे असं मला वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. चहा घेऊन बस.

तू जिथे राहतोस तिथून हाकेच्या अंतरावर आनहाउझन नावाचं गाव आहे. १९५७ साली लांगर तिथे जन्मला. वडील गवंडी. युद्धानंतर कैद्यांना सायबेरियाकडे नेणाऱ्या गाडीतून उडी मारून पळून आलेला माणूस. घरात गोल्फचा ग सुद्धा नव्हता. थोरली भावंडं आउक्सबुर्गच्या क्लबात कॅडी (खेळाडूंची बॅग ओढणारे) म्हणून चार पैसे मिळवायची, त्यांच्या मागे हाही गेला, आठ-नऊ वर्षांचा असेल. पायी नाही तर सायकलवर. कॅडी पोरांना खेळायला चार जुन्या काठ्या मिळाल्या होत्या, त्यांतल्या पटरची दांडी वाकलेली. वाकड्या पटरने सुरुवात केलेल्या माणसाला पुढे जन्मभर पटिंगनेच छळावं, याला काय म्हणावं!

शाळा संपल्यावर व्यवसाय-सल्ला देणाऱ्या कचेरीत जाऊन त्याने सांगितलं, मला गोल्फ प्रोफेशनल व्हायचंय. समोरच्या साहेबाने यादी चाळली, यादीत असा व्यवसायच नव्हता. काहीतरी धड निवड म्हणाला. हा किस्सा लांगर स्वतः सांगतो. तेव्हा जर्मनीत गोल्फ म्हणजे मूठभर श्रीमंतांचा रविवार होता. पंधराव्या वर्षी तो म्युनिकच्या क्लबात हाइन्त्स फेरिंग यांच्या हाताखाली शिकाऊ म्हणून लागला.

पहिलं दुखणं तो दौऱ्यावर गेला तेव्हाचं, वय एकोणीसच्या आसपास. आपल्याकडच्या (हो, आता मी बव्हेरियाला आपल्याकडे म्हणतो) संथ, ओलसर ग्रीनवर वाढलेला पोरगा. इथे चेंडूला चांगला ठोसा द्यावा लागायचा. दक्षिणेत स्पेन-पोर्तुगालला गेला तर ग्रीन काचेसारख्या. चेंडू नुसता हलवला तरी पाच फूट पुढे. हात घाबरला, आणि घाबरलेला हात एकदा उडायला शिकला की विसरत नाही. त्यातच सक्तीच्या लष्करी सेवेत पाठीवर ओझं घेऊन पाठीच्या मणक्याला इजा झाली होती. एकोणिसाव्या वर्षी पाठ आणि हात दोन्ही कामातून गेलेले! इतर कोणी असता तर परत येऊन क्लबात शिकवत बसला असता.

त्याने डावा हात खाली, उजवा वर अशी उलटी पकड घेतली. तीही सरसकट नाही. १९८५ साली अमेरिकेत ऑगस्टाला मास्टर्स ही मानाची स्पर्धा जिंकला तेव्हा लांबचे पट नेहमीच्या पकडीने आणि जवळचे उलट्या पकडीने मारत होता. एकाच ग्रीनवर, एकाच होलला, दोन पकडी. लोक हसायचे. कर्टिस स्ट्रेंज आघाडीवर होता, त्याने तेराव्या आणि पंधराव्या होलला चेंडू पाण्यात घातला आणि लांगर दोन फटके कमी घेऊन जिंकला. त्या दिवशी शर्ट लाल, पॅन्ट लाल, आणि वरून हिरवं जॅकेट चढवलेलं. नाताळचं झाडच दिसत होतं, आमच्या शेजारणीने तो फोटो कित्येक वर्षं फ्रिजवर लावला होता. पुढच्या एप्रिलमध्ये जागतिक क्रमवारीची पहिली यादी निघाली, तिच्यात पहिलं नाव याचं.

आणि मग पुन्हा दुखणं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला. या वेळी जी पकड काढली ती तुझ्या कामाची आहे, नीट वाच.

साधाच पटर, नेहमीच्या लांबीचा. डावा हात खाली, जिथे पकडीचं रबर संपतं तिथे. पकडीचं वरचं टोक डाव्या मनगटावरून पुढे काढून हाताच्या आतल्या बाजूला टेकवायचं. आता उजव्या हाताने ते टोक आणि डावा हात, दोन्ही मिळून एकत्र धरायचे. डॉक्टर नाडी बघतात तसं, पण करकचून. मोडलेल्या हाताला फळी बांधतात ना, अगदी तसं दिसतं. मनगट जागचं हलूच शकत नाही. फटका खांद्यातून येतो, आणि उजव्या हाताला उडायला जागाच उरत नाही. तो धरून ठेवण्यात गुंतलेला असतो.

दिसायला भयंकर. पण १९९३चा मास्टर्स याच पकडीने जिंकला, चार फटक्यांनी, ईस्टरच्या रविवारी. दोन मास्टर्स, दोन वेगळ्या पकडी.

मधलं १९९१ मात्र सांगायलाच हवं. रायडर कप, म्हणजे युरोप विरुद्ध अमेरिका सांघिक लढत, कियावा आयलंडला. सगळ्या सामन्यांचं गणित फिरत फिरत शेवटच्या जोडीवर येऊन थांबलं. लांगर विरुद्ध हेल आयर्विन. चार होल राहिलेले असताना लांगर दोन होलने मागे होता, बरोबरी साधून अठराव्या, म्हणजे शेवटच्या होलवर आला. सहा फुटांचा पट. गेला असता तर १४–१४ आणि कप युरोपकडेच राहिला असता. रेषेवर बुटाच्या खिळ्यांनी उचकटलेलं गवत होतं. आज तू ते बोटाने दाबून सपाट करू शकतोस, २०१९ पासून नियमच तसा आहे. तेव्हा हात लावायची बंदी होती. त्याने आणि त्याचा कॅडी पीटर कोलमन, दोघांनी वाकून ते पाहिलं, आणि खिळ्यांच्या खुणा चुकवायच्या म्हणून सरळ मारायचं ठरवलं. चेंडू उजव्या काठावरून बाहेर गेला. त्याने मागे वाकून तोंड उघडलं, डोळे मिटलेले. तो फोटो तू पाहिला असशीलच.

मी टीव्हीसमोर होतो. मध्यरात्र होत आली होती. बायको म्हणाली, "संपला हा आता." मलाही तेच वाटलं.

पुढच्याच रविवारी श्टुटगार्टजवळ जर्मन मास्टर्स. शेवटच्या होलला साधारण पंधरा फुटांचा पट, गेला तर प्लेऑफ, म्हणजे बरोबरीनंतरची निर्णायक लढत. घातला. आणि प्लेऑफमध्ये रॉजर डेव्हिसला हरवून स्पर्धा जिंकली. सात दिवस! आम्ही ऑफिसात कोणी काही बोललं तर सात महिने मनात धरून बसतो.

पुढचं दुखणं नव्वदच्या दशकाच्या मध्याला आलं आणि मग तो लांब पटर. त्याबद्दल कोणीतरी आता वाद घालणारच, म्हणून इथे थांबतो.

खवचट_खेळाडू

आजोबा, लिहिता छान, पण अर्धीच गोष्ट सांगितलीत. लांब पटर छातीला टेकवायला १ जानेवारी २०१६ पासून बंदी आली. सगळ्यांनी सोडला, हा अजून तोच घेऊन फिरतो. टीव्हीवर बघा, मूठ शर्टाला लागलेली दिसते की नाही? आणि दुसरं, त्याच्या नावावर जे सत्तेचाळीस विजय सांगतात ते कसले? पन्नाशीवरच्या चॅम्पियन्स टूरचे. बहुतेक स्पर्धा तीन दिवसांच्या, कट (मागे पडलेल्यांना मध्येच गाळणं) नाही, बग्गीत बसून फिरायची मुभा. पेन्शनरांची सहल.

बॅगवाला_आजोबा

आलात? वाटच बघत होतो.

बंदी लांब पटरवर नाही, तो शरीराला टेकवून त्याचा खुंटा करण्यावर आहे. लांगर आता वरची मूठ छातीपासून थोडी दूर धरतो. २०१७ साली यावरून बराच गदारोळ झाला. त्याच्यावर आणि स्कॉट मॅकॅरनवर लोक तुटून पडले. नियम करणाऱ्या संस्थेने तपासलं आणि दोघांचं काही चुकलेलं नाही असं सांगितलं. शर्ट सैल असतो हो, मूठ शर्टाला घासते, छातीला नाही. आता तुम्ही म्हणाल कॅमेरा खोटं बोलत नाही. मी मात्र हे जवळून पाहिलंय.

२०२४च्या जुलैमध्ये म्युनिकजवळ आइशेनरीडला बीएमडब्ल्यू इंटरनॅशनल ओपन होती, युरोपीय दौऱ्यावरची त्याची शेवटची स्पर्धा. मी सरावाच्या ग्रीनच्या दोरीला टेकून उभा होतो, तो आठ-दहा पावलांवर. काय केलं माहीत आहे? पटर ठेवला, वरची मूठ लावली, मग ती जाणीवपूर्वक बाहेर काढली, मधल्या फटीकडे एकदा खाली बघितलं आणि मग फटका. प्रत्येक पटाला तेच. मूठ आत, मूठ बाहेर, नजर खाली, फटका. वीस-पंचवीस वेळा तरी मोजलं असेल, मग पाय दुखले म्हणून बसलो. त्याला कट गाठता आला नाही, पण शुक्रवारी अठराव्यावर सगळं स्टँड उभं होतं. माझ्या शेजारचा एक धिप्पाड बव्हेरियन लेदरहोझेनवाला डोळे पुसत होता आणि वर मलाच विचारतो, तुम्हाला रडू येत नाही का?

पेन्शनरांच्या सहलीबद्दल. ही सहल दर वर्षी नवीन पन्नाशीवाल्यांनी भरते. ताजी पोरं, म्हणजे त्या हिशोबाने पोरंच. त्यांच्याशी हा साठीत आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर खेळतो. २००७ ते २०२४, सलग अठरा वर्षं, दर वर्षी किमान एक विजय. हेल आयर्विनचा पंचेचाळीस विजयांचा विक्रम मोडला तो २०२३ला, यूएस सीनियर ओपनमध्ये, म्हणजे चार दिवस, कट असलेली, मैदान कठीण केलेली स्पर्धा. वय पासष्ट. हो, तोच आयर्विन, कियावाचा.

तरी पटत नसेल तर २०२०चा मास्टर्स घ्या. करोनामुळे नोव्हेंबरात झाला. लांगर त्रेसष्ट वर्षांचा, कट गाठणारा तोवरचा सर्वांत वयस्क. रविवारी त्याच्या जोडीला कोण? ब्रायसन डीशॅम्बो, त्याच वर्षीचा यूएस ओपन विजेता, त्या काळी सगळ्यांत लांब मारणारा. तो ड्राइव्ह मारून दूर निघून जायचा, म्हातारा मागून फेअरवे वूड, म्हणजे लांब फटक्याची काठी, काढायचा. दिवसअखेर म्हाताऱ्याचे ७१, डीशॅम्बोचे ७३.

खवचट_खेळाडू

डीशॅम्बोची तब्येत तेव्हा बरी नव्हती. पण ठीक आहे, हे मान्य. पटरचं अजूनही मान्य नाही.

फिजिओ_ताई

गोल्फमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण एक गोष्ट माझ्या धंद्यातली आहे म्हणून लिहिते. २०२४च्या फेब्रुवारीत या माणसाचा टाचेमागचा स्नायुबंध, अकिलीस, तुटला. फ्लोरिडात पिकलबॉल (टेनिससारखा खेळ) खेळताना. त्या वयात हा बंध तुटला तर आम्ही पेशंटला पहिल्यांदा नीट चालण्याबद्दल बोलतो, खेळाबद्दल नंतर बघू म्हणतो. पूर्ण ताकद परत यायला नऊ महिने ते वर्ष धरतो. हा मे महिन्यात, म्हणजे साधारण तीन महिन्यांत, बग्गीत बसून स्पर्धेला हजर! मी माझ्या कोणाही पेशंटला हे करू दिलं नसतं, आणि कोणी हे वाचून करू नये. उजव्या हाताच्या खेळाडूचं वजन फटक्याच्या शेवटी डाव्या पायावर येतं, आणि याचा डावाच पाय गेला होता.

पण तुमच्या हाताबद्दल, धडपड्या. यात दोन प्रकार असतात. एकात नुसती भीती, लोक बघतात म्हणून स्नायू आखडतात. दुसऱ्यात एकच बारीक हालचाल हजारो वेळा करून मेंदूतला तिचा आदेशच बिघडतो, फोकल डिस्टोनिया म्हणतात. वादकांना होतो, लिहिणाऱ्यांना होतो. तुम्ही सरावात एकटे असताना हात शांत असेल तर पहिलाच प्रकार असण्याची शक्यता जास्त. एक वर्षात हजारो पट तुम्ही मारलेच कुठे? पण चमचा धरताना, सही करताना हात उडायला लागला तर डॉक्टरांकडे जा, फोरमवर येऊ नका.

बॅगवाला_आजोबा

ताई, याचं पुढचं पान तुम्ही सांगितलं नाहीत. त्याच वर्षी नोव्हेंबरात, फीनिक्सला, हंगामाची शेवटची स्पर्धा. तोवर त्या वर्षी एकही विजय नाही, म्हणजे सलग वर्षांची साखळी तुटायच्या बेतात. शेवटच्या होलला साधारण तीस फुटांचा पट. घातला! एका फटक्याने जिंकला, स्टीव्हन ॲल्कर आणि रिचर्ड ग्रीन मागे. त्या दिवशीचे फटके ६६, वय ६७.

काळी_माती

एक राहिलं. २०१२, अमेरिकेतलं मेडिना, रायडर कप. मार्टिन कायमर, दुसरा जर्मन, अठराव्यावर उभा. पट जवळपास तेवढाच, सहा फूट, आणि तो गेला की कप युरोपकडे. त्या आठवड्यात लांगर त्याला भेटून बोलला होता. कायमर नंतर म्हणाला की क्षणभर लांगरचा तो पट डोळ्यासमोर आला होता. घातला त्याने. एकवीस वर्षं एक पट दोन माणसांनी मिळून पूर्ण केला असं मला नेहमी वाटतं.

शिवाय लांगर म्हटलं की मला झाडच आठवतं. १९८१, इंग्लंडमधलं फुलफर्ड. सतराव्याला चेंडू झाडात अडकला. दुसऱ्या कोणी दंडाचा फटका घेतला असता, हा वर चढला आणि फांदीवर उभं राहून चेंडू ग्रीनवर मारला.

बॅगवाला_आजोबा

झाडाचं बरं आठवलं. लोक त्याला यंत्र म्हणतात, मोजून मापून खेळणारा, रुक्ष. कॅडी लोकांत एक विनोद आहे: कॅडीने सांगितलं, या स्प्रिंकलरच्या झाकणापासून अमुक यार्ड. लांगरने विचारलं, झाकणाच्या पुढच्या कडेपासून की मागच्या? खरं-खोटं देव जाणे, पण रुक्ष माणूस झाडावर चढत नाही.

२०२५च्या एप्रिलमध्ये ऑगस्टाला एक्केचाळिसावा आणि शेवटचा मास्टर्स खेळला, सदुसष्ट वर्षांचा. कट एका फटक्याने हुकला. शेवटच्या होलला पटच राहिला, दुसरं काय राहणार.

धडपड्या_आउक्सबुर्ग

सगळ्यांचे आभार. ताई, सही ठीक येते, चमचाही ठीक. म्हणजे भीतीच.

आजोबांची फळीवाली पकड काल संध्याकाळी सरावाच्या ग्रीनवर केली. मुद्दाम सहा वाजता गेलो, गर्दी असते तेव्हा. दोघं-तिघं थांबून बघायला लागले. एकाने विचारलं, हात दुखावलाय का? वीस पट, तीन फुटांवरून. पहिले पाच तर कपाच्या आसपासही नाही, कारण डाव्या हाताला किती जोर लावायचा तेच कळेना. पण हात उडाला नाही. वीसपैकी अकरा गेले. गेल्या आठवड्यात लोकांसमोर दहात तीन जायचे. मनगटावर रबराचा ठसा उमटलाय, बायको विचारतेय कुठे अडकला होतास.

आणि ते "लांगरचा आजार"वाले आजोबा. तेही आले होते. जरा वेळ बघत राहिले, मग माझा उजवा हात धरून दोन बोटं वर सरकवला आणि काही न बोलता गेले. हे बरोबर केलं की चूक?

बॅगवाला_आजोबा

वर म्हणजे कोपराकडे? फोटो टाक. बाजूने काढ, समोरून नको. पकडीचं टोक आणि मनगट दोन्ही दिसायला हवं.